पडदा म्हणेपर्यंत

त्यानं स्वतःची खुर्ची टेबलाला वळसा घालून माझ्याकडे ओढत आणली, तेव्हाच मी ओळखलं. डॉक्टर लोक टेबलाच्या पलीकडून बोलतात, एक डोळा कॉम्प्युटरवर ठेवून. उठून, खुर्ची ओढून, गुडघ्याला गुडघा लागणार नाही पण हात पुढे केला तर पोचेल इतक्या अंतरावर येऊन बसणारा डॉक्टर म्हणजे काय, हे बाहेर बाकांवर ताटकळणाऱ्या माणसांपैकी एकालाही माहीत नसेल. मला माहीत होतं. मग त्यानं फोन काढून त्याचा आवाज बंद केला आणि तो पालथा ठेवला. कागदी रुमालांचा खोका माझ्या बाजूला सरकवला, अगदी हळूच, जणू तो आपला आपणच सरकला. अरे बाबा, मी मनात म्हटलं, खोका पेशंट आत यायच्या आधीच ठेवायचा असतो, अर्धा मार्क गेला तुझा. "तुमच्याबरोबर कुणी आलंय का?" त्यानं विचारलं. कुणी नाही, मी म्हटलं. "पाठदुखीबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय काय सांगितलंय?" मी म्हटलं, मशीनवर वाकून वाकून होतं असं मलाच वाटत होतं, मग त्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढायला लावले, मग सुई घालून तुकडा काढला, आता तुम्हीच सांगा. त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आला नाहीये."

ते माझं वाक्य होतं. माझं म्हणजे अगदी माझं; कुठल्याही पँटची खालची शिवण उलटून बघितली की ही आपल्या हातची, हे मला जसं कळतं, तसं कळलं. परीक्षेच्या सरावासाठी ठमीनं आधी लिहिलं होतं, "दुर्दैवाने आपला अहवाल अपेक्षेनुसार आलेला नाही." मी भांडी विसळत होते. मी तिथूनच ओरडले, "कोण बोलतं गं असं? वीज तोडायची नोटीस आली असं वाटतंय!" मग तिनं पेन चावत विचारलं, "मग तू कसं सांगशील?" मी हात पुसत आले आणि म्हटलं, "मी सांगेन, की बाई, रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आला नाहीये. 'आपल्याला' म्हणायचं. म्हणजे तिला वाटतं, या डॉक्टरलाही तो चांगलाच हवा होता." ठमीनं वर बघितलं. तिच्या त्या बघण्यासाठी मी आणखी शंभर वाक्यं केली असती. त्याच संध्याकाळी तिनं ते वाक्य नेटवर टाकलं, आणि पुढे कितीतरी दिवस सांगत होती, आई, तुझं वाक्य कुणीकुणी उतरवून घेतलंय, लोक त्याच्यावर व्हिडिओ करतायत. मला काय, मी मिरवून घेतलं. दुकानात कापड कापता कापता सगळ्यांना सांगितलं. आता ते वाक्य एवढं फिरून, कुठल्या कुठल्या तोंडांतून धुऊन निघून, माझ्याच समोर येऊन बसलं होतं.

ठमी म्हणजे माझी मुलगी. खरं नाव चांगलं आहे, पण घरात ठमी. पुस्तकात हुशार, इतकी की शाळेतल्या बाई मलाच विचारायच्या, हिला घरी कोण शिकवतं? डोंबल शिकवतंय, बाप लवकर गेला आणि आई रात्रंदिवस लोकांच्या पँटी आखूड करतेय. डॉक्टर झाली, पुढच्या ट्रेनिंगला लागली, आणि अडली कुठे, तर बोलण्यात. त्यांच्या परीक्षेत एक खोली असते. आत खोटा पेशंट बसवलेला असतो, रोगही खोटा, आणि त्याला वाईट बातमी नीट सांगायची असते, परीक्षक भिंतीला टेकून मार्क मांडत असतात. पहिल्या वेळी ठमीनं आत शिरताच एका दमात सगळं सांगून टाकलं आणि वर विचारलं, "काही शंका?" दुसऱ्या वेळी त्या खोट्या पेशंटच्या आधी स्वतःच रडली. येत्या सोमवारी तिसरी वेळ, आणि शेवटची. या वेळी जमलं नाही तर ट्रेनिंगमधली जागाच जाते. तिच्या कॉलेजात हे शिकवायला कुणी नाही. एक तास होतो म्हणे, त्यात मोठे सर येतात, सहानुभूती फार महत्त्वाची आहे असं सांगतात आणि कुणाकडेही न बघता निघून जातात.

तेव्हा तिला नेटवर ती जागा सापडली. शिकाऊ डॉक्टरांनीच चालवलेली, फुकट. कुठले कुठले लोक आपापले अनुभव, व्हिडिओ, सरावाच्या केसेस तिथे टाकतात आणि सरावाला सोबती शोधतात. हिलाही मिळाले. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला की त्यात दोन चौकटी हमखास असायच्या. एक मुलगा होता, त्याचा माइक असा की तो कुजबुजला तरी आमची कपाटं हलायची. त्याला आम्ही भोंगा म्हणायचो. आणि एक मुलगी, जी कॅमेरा कधीच लावत नसे, नुसती काळी चौकट आणि बारीक आवाज. तिला मी अंधारी म्हणायचे, आणि तीही हसायची. पेशंट व्हायला कुणी नव्हतं, कारण एकमेकांचे पेशंट झाले की सगळ्यांना पुढचं वाक्य आधीच ठाऊक. "आई, तू बस ना गं," ठमी म्हणाली. "तुला काही येत नाही, तेच बरं आहे." म्हणून मी बसले. टेप गळ्यात तशीच, टाचण्या गाऊनला टोचलेल्या, आणि मला काय काय झालं सांगू! फुप्फुसाला झालं, छातीत गाठ झाली, नवरा अपघातात गेला, जन्माला न आलेलं मूल गेलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर तर मला दोन वेळा झाला. पहिल्यांदा तो शब्द ऐकून मी हसलेच, म्हटलं, हे कुठे असतं बाई, मला आहे का ते? भोंगा म्हणाला, "काकू, हसू नका ना, सगळं मुसळ केरात." मग मी रडून दाखवलं. रडायला मला छान यायचं. टाचणी अंगठ्यात टोचायची आणि नवऱ्याची चप्पल आठवायची, डोळे आपोआप भरायचे.

पडद्याचा नियम अंधारीमुळे झाला. एकदा ती पेशंटची मुलगी झाली होती, भोंगा डॉक्टर. तो म्हणाला, तुमचे वडील वाचले नाहीत. ती रडायला लागली. आम्ही ऐकत राहिलो. भोंगा पुढचं पुढचं विचारत गेला, ती रडत गेली, आणि आम्ही सगळे मनातल्या मनात म्हणत होतो, काय सुरेख करतेय ही. बऱ्याच वेळानं कळलं की ती करत नव्हती. तिचे वडील खरंच गेले होते, मागच्याच महिन्यात, आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. चौकट काळी, चेहरा दिसत नाही, कळणार कसं? त्यानंतर ठरलं, की जो डॉक्टरच्या खुर्चीत असेल त्यानं शेवटी "पडदा" म्हणायचं. तोपर्यंत सगळं नाटक. पडदा म्हटलं की संपलं, मग हसा, चहा प्या, मार्क द्या. आणि पडदा म्हणवत नसेल तर समजायचं, काहीतरी खरं आहे. आजवर कुणाला पडदा म्हणवला नाही असं झालं नव्हतं.

आणि मग मार्क द्यायची वेळ आली की मी कोण मोठी लागून गेले होते! उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. "तू थांबलास ना, ते फार बरं वाटलं," मी भोंग्याला सांगायचे. "पाण्याचा ग्लास पुढे केलास, आधार वाटला." ठमीला सांगायचे, "मनात काय चाललंय असं विचार, मग पेशंट मोकळा होतो." ते तिघं लिहून घ्यायचे. मी टाचण्या टोचून रडणारी बाई, त्यांना दुःखात काय हवं असतं ते शिकवत होते, आणि ती शहाणी पोरं ते पुढे नेटवर टाकत होती. खरंच टाकत होती. कारण तो समोरचा तरुण डॉक्टर वाक्य बोलून झाल्यावर थांबला. अगदी माझ्या मापाचा थांबला. आणि ते थांबणं इतकं भयंकर होतं की मला वाटलं, कुणीतरी दार वाजवावं, कुणीतरी चुकून आत यावं, पंखा तरी बंद पडावा. त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. मी तो घेऊन तसाच टेबलावर ठेवला. मग त्यानं थोडं वाकून विचारलं, "तुमच्या मनात काय चाललंय?" सगळं बरोबर करत होता बिचारा. एक मार्कही कापायला जागा नव्हती. आणि त्यातल्या कशाचाही मला काडीचा उपयोग होत नव्हता, हे त्याला सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते, कारण शब्द त्याच्याकडे होते, मीच दिलेले.

"तुमचं बटण लोंबतंय," मी म्हटलं.

त्यानं खाली बघितलं. पांढऱ्या कोटाचं मधलं बटण एका धाग्यावर झुलत होतं. मी आत आल्यापासून ते बघत होते. याचं उत्तर कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. तो गडबडला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि तो एकदम ठमीच्याच वयाचा दिसायला लागला. "काढा," मी म्हटलं, "लावून देते, माझ्याकडे सुई असतेच." त्यानं निमूट कोट काढून दिला. आत हडकुळं पोर, शर्टाची कॉलर विरलेली. मी पर्समधून सुई-दोरा काढला, दोरा पहिल्याच फटक्यात ओवला गेला. मी बटण लावत होते आणि तो सांगत होता. स्वादुपिंड. तिथून यकृतावर ठिपके. ऑपरेशनचा फायदा नाही. औषधं देता येतील, वेळ थोडा वाढेल, दुखणं मात्र आपण नक्की कमी करू. 'आपण.' मी बटणाच्या खाली दोऱ्याला पीळ देत होते, कारण पीळ दिला नाही तर बटण परत लोंबतं, हे दुकानातल्या नव्या मुली कितीही सांगितलं तरी करत नाहीत. "शुक्रवारी या," तो म्हणाला, "घरातलं कुणीतरी घेऊन या. लवकर ठरवावं लागेल. तुमच्या घरी कोण असतं?" मी दोरा दातांनी तोडला आणि म्हटलं, "मुलगी आहे. तिची सोमवारी परीक्षा आहे." "कसली?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "अशीच आपली, तोंडी." कोट त्याच्या हातात देताना त्याचे डोळे भरलेले दिसले, आणि मला त्याचा राग आला. अरे, तू कशाला रडतोस? दुसऱ्या वेळी ठमी याच्यावरच नापास झाली होती.

घरी चालत आले. बस होती, पण बसमध्ये माणसं समोर बसतात. रस्त्याला काहीही झालं नव्हतं. फळवाला फळांवर पाणी मारत होता, एक बाई कुत्र्याला रागावत होती, आमच्या दुकानाच्या काचेत मी स्वतः शिवलेला तो निळा कोट अजून विकला न जाता उभा होता. मला एकच हिशोब सुचत होता, सोमवारपर्यंत तोंड शिवून ठेवायचं. शुक्रवारी जायचं नाही, फोन करून मंगळवार मागायचा. पोरगी एका शेवटच्या संधीवर उभी आहे, तिच्या पायाखालची फळी मी काढू? आणि सांगितलं तर ती काय करणार आहे, डॉक्टर असून? ती डॉक्टर आहे हेच मला सगळ्यात लागत होतं. गेले कित्येक दिवस माझे कपडे मीच शिवणीत आत घेत होते, कंबर बोट बोट कमी होत होती, आणि ठमी परवा म्हणाली, "आई, काय बारीक झालीयेस गं, छान दिसतेस!" मी खूश झाले होते. रात्री पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून बसायचे तेव्हा ती पलीकडच्या खुर्चीत एका खोट्या बाईच्या पाठदुखीची केस पाठ करत असायची. तिची चूक नाही. तिला खोट्या पेशंटकडे बघायला शिकवलं होतं, आणि मी घरातली होते.

दार उघडलं तर ठमी टेबल पुसत होती. "चष्म्याचा नंबर वाढला का?" तिनं विचारलं, मी तेच सांगून गेले होते. "थोडा," मी म्हटलं. "बरं, चहा ठेवलाय तुझा. आणि ऐक ना, आज उलटं करायचंय. नेटवर सगळे म्हणतायत, परीक्षेआधी एकदा तरी पेशंटच्या बाजूला बसून बघा, म्हणजे कळतं. आज तू डॉक्टर." मी म्हटलं, आज नको गं, पाय दुखतायत. "आई, प्लीज. शेवटचे चार दिवस. तुझ्यासारखं कुणाला येत नाही." लॅपटॉपमधून भोंगा गर्जला, "काकू, आज आम्ही तुमचे मार्क कापणार!" काळ्या चौकटीतून अंधारी म्हणाली, "घाबरू नका काकू." केस भोंग्यानंच काढली. पेशंट आत झोपलीय, तिच्या मुलीला बाहेर बातमी सांगायची. ठमी मुलगी. बाकी रोग वगैरे काकूंनी आपल्या मनानं घ्यावा.

मी देवाशप्पथ सांगते, मी हृदयविकार घेणार होते. अचानक झटका, सोपं असतं, लवकर संपतं. मी खुर्ची टेबलाला वळसा घालून ठमीजवळ ओढली. फोन पालथा ठेवला, सरावाचा कागदी रुमालांचा खोका टेबलावर होताच. "तुमच्याबरोबर कुणी आहे का?" मी विचारलं. ठमी गंभीर तोंड करून म्हणाली, "नाही, मी एकटीच. आईला आणि मला दोघींनाच एकमेकींचा आधार." नाटकात ठमी नेहमी कच्ची, आज कुठून आणलं तिनं हे? "तुमच्या आईबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय माहीत आहे?" "पाठ दुखते म्हणते. पण ती मशीनवर वाकून काम करते ना." मी तिच्याकडे बघितलं. तिनं नुसतं जे समोर दिसलं ते उचललं होतं, पाट्या टाकाव्यात तसं. आणि माझ्या तोंडातून वाक्य निघालं, कारण त्या जागी तेच वाक्य येतं, दुसरं माझ्याकडे कधी नव्हतंच. "तुमच्या आईचा रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आला नाहीये."

त्यानंतर मला थांबता आलं नाही. मी इतक्या जणांना थांबायला शिकवलं, आणि मलाच जमलं नाही. गाठ स्वादुपिंडात आहे, मी म्हटलं, मागच्या बाजूला, म्हणून पाठ दुखत होती. यकृतावर ठिपके आलेत. ऑपरेशन होणार नाही. ती बारीक झाली होती, ते त्यामुळे. तिनं तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही, तुम्हाला एका महत्त्वाच्या कामात अडथळा नको म्हणून. तिच्यावर रागावू नका, ती अडाणी आहे, तिला वाटतं न सांगितलं की गोष्ट थांबून राहते. तुम्हाला दिसलं नाही, यात तुमची चूक नाही. हे कुठल्याच केसमध्ये नसतं, पण मी ते दोनदा म्हटलं. ठमीच्या डोळ्यांतून पाणी आलं. खरं पाणी, नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळलेलं, आणि ती ते पुसत नव्हती. "तिला दुखतंय का फार?" तिनं विचारलं. "रात्री," मी म्हटलं.

मग भोंग्याच्या टाळ्या वाजल्या, सगळं घर हादरलं. "काकू, पूर्ण मार्क! काय बोललात! थांबला नाहीत एवढंच, बाकी कमाल!" ठमी रडता रडता हसायला लागली, मनगटानं नाक पुसत. "आई गं, कसलं भारी केलंस! ते रिपोर्ट न सांगण्याचं वगैरे कुठून आणलंस? मला खरंच वाटलं क्षणभर. आता कळलं मला, समोरच्याला काय होतं ते. सोमवारी मी पास होणार बघ." ती माझे हात धरून हलवत होती. तिचे हात गरम होते, लहानपणी तापात असायचे तसे. "चल, पडदा म्हण."

मी तोंड उघडलं. एवढासा शब्द. म्हटला असता तर चहा झाला असता, सोमवार झाला असता, ती पास झाली असती, आणि मंगळवारी बघितलं असतं. मी तो जिभेपर्यंत आणला, खरंच आणला. लॅपटॉपमध्ये काळी चौकट एकदम उजळली आणि तिथे एक चेहरा आला, मी कधी न पाहिलेला, केस विस्कटलेले, डोळे मोठे केलेले. ती हसत नव्हती. "काकू?" ती म्हणाली. भोंग्याच्या टाळ्या मध्येच थांबल्या. माझा हात टेबलावरून गेला आणि त्यानं कागदी रुमालांचा खोका ठमीकडे सरकवला, अगदी हळूच.

ठमीनं खोक्याकडे बघितलं. मग माझ्या कमरेकडे, आत घेतलेल्या शिवणीकडे. तिच्या ओठांवरचं हसू अजून तसंच होतं.

"आई," ती म्हणाली, "पडदा म्हण ना."